कळ बेंबीची, दुखणें आंत्रपुच्छाचें

मालवणाकडच्या घरांत पोटदुखीला फारसा मान नाहीं. ताप आला तर थर्मामीटर निघतो, छातींत दुखलें तर घरचीं माणसें डॉक्टरांकडे धांवतात. पण पोट दुखूं लागलें कीं पहिली चौकशी होते ती काल रात्रीच्या जेवणाची. चतुर्थीच्या दिवसांत तर विचारूंच नये. मुंबईहून चाकरमानी मंडळी आलेली, एरवीं चार माणसांच्या घरांत पंचवीस-तीस पानांची पंगत, मोदकांची व खतखत्याची रेलचेल. अशा वेळीं बारा-चौदा वर्षांचा एखादा मुलगा पडवींत पोट धरून बसला, तर 'मोदक बाधले' हें निदान आजीपासून आत्येपर्यंत सर्वांच्या एकमतानें ठरतें. बहुधा तें खरेंही असतें. ओवा चावून, हिंगाचें पाणी पिऊन, दुपारीं थोडी पेज घेऊन झोप काढली कीं तोच मुलगा संध्याकाळच्या आरतीला झांजा घेऊन हजर होतो.

आम्हांस येथें लिहावयाचें आहे तें त्या थोड्या पोटदुख्यांविषयीं, ज्यांना ओव्यानें उतार पडत नाहीं आणि ज्यांत एक रात्र वाट पाहणें हाच मोठा धोका असतो. अशा दुखण्यांत सर्वांत अधिक आढळणारें म्हणजे आंत्रपुच्छदाह. बोलण्यांत आपण 'अपेंडिक्स झालें' असें म्हणतों. वस्तुतः अपेंडिक्स, म्हणजे आंत्रपुच्छ, आपणां सर्वांस जन्मतःच असतें. होतो तो त्याचा दाह. अमेरिकेंतील पाहणीवरून शंभरांतील सात-आठ जणांस आयुष्यांत केव्हां तरी तो होतो, व त्यांतहि दहा ते तीस या वयांत विशेष. आपल्याकडे याहून कमी जणांस होतो असें धरलें, तरी पंचवीस माणसांच्या एकत्र कुटुंबांत त्याची एखादी तरी फेरी व्हावयाचीच. तेव्हां हें दुखणें ओळखण्याची थोडी विद्या घरांतील दोघांचौघांस असली पाहिजे.

लहान आंतडें जेथें मोठ्या आंतड्यास मिळतें तेथें, पोटाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यांत, करंगळीएवढी एक आंधळी नळी लोंबत असते. तिची लांबी साधारण सहा ते नऊ सेंटिमीटर. एक टोंक आंतड्यांत उघडें, दुसरें बंद. मळाचा कठीण खडा अडकून किंवा आंतील ग्रंथि सुजून नळीचें तोंड बुजलें कीं आंतला स्राव आंतच कोंडतो, जंतु वाढतात, नळी फुगते, फुगवट्यानें तिच्या भिंतीचा रक्तपुरवठा तुटतो, भिंत कुजूं लागते आणि शेवटीं फुटते. फुटल्यावर आंतील घाण पोटाच्या पोकळींत पसरते. हा सारा क्रम दीड ते तीन दिवसांत पुरा होऊं शकतो. लहान मुलांत त्याहूनहि लवकर. पहिल्या छत्तीस तासांनंतर फुटण्याचा धोका वाढत जातो, असें शल्यवैद्य मानतात. म्हणून घड्याळ चालूं होतें तें इस्पितळाच्या दारांत पाऊल पडतें तेव्हां नव्हे, तर घरीं पहिली कळ येते तेव्हां. त्या तासांचा हिशेब घरच्याच माणसांच्या हातीं असतो.

आतां ओळखावें कसें? या दुखण्याची खरी खूण कोणत्याहि एका लक्षणांत नसून लक्षणांच्या क्रमांत आहे. प्रथम दुखतें तें उजवीकडे नव्हेच. दुखतें तें बेंबीभोंवतीं किंवा थोडें वर, पोटाच्या मध्यावर. तेंहि मोघम, नेमकें बोट ठेवतां येत नाहीं असें. याचें कारण मौजेचें आहे. आंतड्यांना स्वतःची जागा सांगण्याची नीटशी शक्ति नाहीं. आंत्रपुच्छाची वार्ता मज्जारज्जूंत ज्या ठिकाणीं पोहोंचते, त्याच ठिकाणीं बेंबीभोंवतालच्या त्वचेचीहि वार्ता येते; मेंदूची गफलत होते व तो दुखणें बेंबीशीं आहे असें समजतो. पुढें सहा, बारा, क्वचित् चोवीस तासांनीं दाह नळीबाहेर येऊन पोटाच्या आंतील अस्तरास भिडला, कीं त्या अस्तराला मात्र जागा अचूक कळते. मग कळ बेंबी सोडून उजवीकडे खालीं उतरते व तेथेंच ठाण मांडते. बेंबी आणि उजव्या कमरेच्या हाडाचें पुढलें टोंक यांच्यामध्यें एक रेघ कल्पावी. तिचा हाडाकडील एक-तृतीयांश भाग जेथें संपतो, तेथें हा दुखरा बिंदु सांपडतो. न्यूयॉर्कचे शल्यवैद्य मॅकबर्नी यांनीं १८८९ सालीं तो दाखवून दिला, व आजहि तो त्यांच्याच नांवानें ओळखला जातो.

पहिली कळ बेंबीशीं येते ही गोष्ट कोंकणांत विशेषच घातक ठरते. बेंबीशीं दुखलें कीं 'बेंबी सरकली' हें निदान आपल्याकडे तयारच असतें, आणि ती जागेवर आणणारी बाई किंवा बुवाहि गांवांत असतो. पोट तेल लावून चोळलें जातें, ओढलें जातें, बेंबीवर दिवा ठेवून वर तांब्या पालथा घालतात. साध्या वातानें दुखत असेल तर यानें बिघडत नाहीं. पण आंत सुजून तट्ट फुगलेली नळी असतां वरून चोळणें म्हणजे पिकलेल्या गळवावर मुठी मारण्यासारखें आहे. या बाबतींत आमचें मत स्पष्ट आहे: ज्या पोटाचें निदान झालेलें नाहीं, त्यास चोळूं नये, मग चोळणाऱ्या बाईच्या हाताला कितीहि गुण असो.

कळ सुरू झाल्यावर तोंडाची चव जाते. भूक मरणें हें फार मोलाचें लक्षण आहे. मागून मागून जेवणाऱ्या माणसास हें दुखणें सहसा नसतें. मग मळमळ, एखाददुसरी वांति. त्यामागून उजवीकडची हळवी जागा, आणि सर्वांत शेवटीं ताप, तोहि बेताचा, नव्याण्णव ते एकशेएक अंशांच्या आंतबाहेर. आधीं पोट दुखलें व मग वांति झाली तर या दुखण्याची शंका घ्यावी. आधीं वांत्या-जुलाब व मग पोटांत मुरडा, असें असेल तर बहुधा खाण्यापिण्याचा दोष असतो. आधीं एकशेतीन ताप व मग पोटदुखी असेल, तर दुसरेंच कांहीं शोधावें लागतें. नियम म्हणून हें ठीक आहे. परंतु सर्व पायऱ्या अशा ओळीनें चढणारे रोगी निम्म्याहून थोडेच अधिक असतात हेंहि ध्यानांत ठेवावें.

आमच्या एकत्र कुटुंबांत भुकेचें लक्षण हरवण्याचा एक खास मार्ग आहे, तो म्हणजे उपास. सून दुपारीं पानावर बसली नाहीं तर आज तिचा सोमवार असेल, एकादशी असेल, असें सारे धरून चालतात. तीहि बोलत नाहीं. चार माणसांचें करावयाचें असतां पोट दुखतें म्हणून आडवें होणें तिला जड जातें, आणि तिचें न जेवणें कोणाच्या डोळ्यांवर येत नाहीं. सासूबाईंस व मोठ्या जावांस आमची विनंति आहे कीं श्रावणांत घरांतील एखादी मुलगी वा सून खालीं वांकतांना पोटावर हात ठेवीत असेल, पायऱ्या उतरतांना थबकत असेल, तर ती न सांगतां तिला विचारावें.

हालचालीनें वाढणारें दुखणें, ही दुसरी मोठी खूण. मुतखड्याच्या कळेनें माणूस तळमळतो, उठतो, बसतो, लोळतो. आंत्रपुच्छाचा रोगी तसें करीत नाहीं. तो उजवा पाय पोटाशीं घेऊन निश्चल पडून राहतो, कारण हललें कीं आंतलें अस्तर खेंचलें जातें. त्याला खोकावयास सांगावें. हात आपोआप उजवीकडे जातो. लहान मुलास उजव्या पायावर लंगडी घालावयास सांगावें. ज्याला सहज घालतां आली त्याच्याविषयीं चिंता थोडी कमी. इंग्लंडमधील स्टोक मॅन्डव्हिल इस्पितळांतील डॉक्टरांनीं २०१२ सालीं एक साधी पण हुषारीची पाहणी प्रसिद्ध केली. आंत्रपुच्छाच्या संशयावरून आलेल्या व वाटेंत रस्त्यावरचे गतिरोधक ओलांडून आलेल्या ६४ रोग्यांस त्यांनीं विचारलें, कीं गाडी उसळली तेव्हां दुखणें वाढलें काय? त्यांतील ३४ जणांस खरोखरच आंत्रपुच्छदाह निघाला, आणि त्या ३४ पैकीं ३३ जणांनीं 'वाढलें' असें सांगितलें होतें. अर्थात् नुसतें वाढलें म्हणून रोग ठरत नाहीं, कारण ज्यांना तो नव्हता त्यांतील पुष्कळांचेंहि वाढलें होतें. पण मुळींच वाढलें नाहीं तर तो असण्याचा संभव बराच कमी. आमच्या बाजूस ही परीक्षा करण्यास गतिरोधक शोधावे लागत नाहींत. पावसाळ्यानंतरचा कोणताहि रस्ता तिला पुरेसा आहे.

एवढ्यावरून वाचकांस वाटेल कीं हें दुखणें घरांतच पकडतां येतें. तसें नाहीं. घरानें फक्त संशय घ्यावयाचा असतो. निदान शल्यवैद्यानेंच करावें, आणि त्याचीहि कधीं कधीं फसगत होते. आंत्रपुच्छाची बैठक सर्वांत सारखी नसते. तें आंतड्याच्या मागें वळलेलें असलें तर पुढून पोट मऊ लागतें, आणि दुखणें कमरेंत किंवा कुशींत वाटतें. तें ओटीपोटांत उतरलेलें असलें तर मूत्राशय व गुदाशय यांना त्याचा स्पर्श होऊन लघवीला वारंवार लागतें, थोडे थोडे जुलाब होतात. मग कोणी उन्हाळे लागले म्हणतो, कोणी अतिसार म्हणतो, आणि दुकानांतून जुलाब बंद होण्याची गोळी येते. तरुण स्त्रियांत बीजकोशास पीळ पडणें, गर्भ नळींतच राहणें हीं तितकींच तांतडीचीं दुखणीं याच जागीं याच रूपानें येतात. म्हणून पाळी चुकली आहे काय, हा प्रश्न डॉक्टरांनीं विचारला तर लाजूं नये, व सर्व मंडळींसमोर उत्तर देणें जड जाईल असें वाटल्यास मंडळींनीं बाहेर जावें. गरोदरपणांत वाढत्या गर्भाशयामुळें आंत्रपुच्छ वर ढकललें जातें आणि कळ नेहमींच्या जागेहून वर येऊं शकते. अशा बाईची पोटदुखी बाळामुळेंच आहे असें घरच्या घरीं ठरवूं नये.

पांच वर्षांच्या आंतील मुलाला कोठें दुखतें तें सांगतां येत नाहीं. विचारलें तर तें बेंबीच दाखवितें. तें चिडचिडें होतें, खेळत नाहीं, कडेवर घेतलें कीं रडतें. या वयांत हा रोग विरळा, पण झालाच तर फुटल्यावरच कळण्याचें प्रमाण मोठें. म्हाताऱ्या माणसांचें उलट असतें. त्यांस ताप फारसा येत नाहीं, कळ सौम्य असते. आजोबा 'कांहीं नाहीं रे' म्हणत दोन दिवस काढतात, आणि तिसऱ्या दिवशीं एकाएकीं घसरतात. सत्तरीच्या माणसाचें दोन दिवस दुखणारें पोट पंधरा वर्षांच्या मुलाच्या पोटाइतकेंच तांतडीचें समजावें.

या रोगाची सर्वांत कपटी अवस्था तर अजून सांगावयाची आहे. ताणलेली नळी फुटते त्या क्षणीं आंतला दाब जातो आणि रोग्याला बरें वाटूं लागतें. रात्रभर कण्हणारा मुलगा पहांटे शांत होतो. घरांत सुटकेचा निःश्वास पडतो, देवापुढें निरांजन लागतें, ज्याचें औषध शेवटीं दिलें त्याची वाहवा होते. कांहीं तासांनीं सबंध पोट फळीसारखें कठीण होतें, ताप चढतो, नाडी जलद चालते, चेहरा उतरतो. औषधाशिवाय एकाएकीं थांबलेली कळ, पण मागें राहिलेला ताप व अरुचि, असें दिसलें तर बेत रद्द न करतां गाडी बोलवावी.

महाराष्ट्रांतील या रोगाचा सर्वांत प्रसिद्ध रोगी शंभर वर्षांपूर्वीं पुण्यास होऊन गेला. १९२२ सालीं सहा वर्षांची शिक्षा होऊन महात्मा गांधी येरवड्याच्या तुरुंगांत होते. १९२४ च्या जानेवारींत ते आजारी पडले, आंत्रपुच्छदाहाचें निदान झालें व त्यांस ससून इस्पितळांत आणण्यांत आलें. ज्यांनीं १९०९ सालीं 'हिंद स्वराज्य'मध्यें डॉक्टर व इस्पितळें यांवर अत्यंत कडक टीका केली होती, त्यांच्यावरच हा प्रसंग आला. मुंबईचे ओळखीचे डॉक्टर येईपर्यंत थांबावें काय, हा प्रश्न होता. ते वेळेवर मिळाले नाहींत. भारत सेवक समाजाचे श्रीनिवास शास्त्री व पुण्याचे डॉक्टर फाटक यांना बोलावण्यांत आलें. गांधीजींनीं संमतिपत्रावर पेन्सिलीनें सही केली. १२ जानेवारीच्या रात्रींच कर्नल मॅडॉक यांनीं शस्त्रक्रिया केली. ती चालू असतां वीज गेली, तेव्हां कंदिलाच्या उजेडांत राहिलेलें काम पुरें झालें. पुढें ५ फेब्रुवारीस सरकारनें त्यांची बिनशर्त सुटका केली. कंदिलाची गोष्ट पुष्कळांस ठाऊक असते. आम्हांस त्याहून महत्त्वाची वाटते ती रात्रीची. रोगी एवढा मोठा, कैदी एवढा नाजूक प्रकरणाचा, कांहीं विपरीत घडतें तर देश पेटला असता. अशा वेळीं सकाळपर्यंत थांबण्यास शेंकडों सबबी होत्या. तरी कोणी थांबलें नाहीं. पुढें १९४७ च्या मे महिन्यांत पाटण्यास त्यांची नात मनु हिच्यावर हीच शस्त्रक्रिया झाली, तेव्हां तोंडाला फडकें बांधून ते स्वतः तेथें हजर होते.

थांबल्यानें काय होतें याचाहि दाखला आहे. इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड याचा राज्याभिषेक १९०२ च्या जून महिन्यांत २६ तारखेस व्हावयाचा होता. दुखत असतांहि समारंभ पुढें ढकलण्यास राजा राजी नव्हता. अखेर २४ तारखेस सर फ्रेडरिक ट्रेव्हस् यांनीं पोट उघडून सांठलेला पू काढला. राज्याभिषेक ९ ऑगस्टला झाला. राजा वांचला. पण त्याच ट्रेव्हस् यांची स्वतःची मुलगी दोन वर्षांपूर्वीं याच रोगानें गेली होती. या रोगावर अधिकारानें लिहिणाऱ्या शल्यवैद्याच्या घरीं ही गोष्ट घडली.

घरीं काय करूं नये, हें आतां सांगावयास हवें. एरंडेल किंवा कोणतेंहि रेचक देऊं नये. एनिमाहि देऊं नये. 'कोठा साफ झाला कीं मोकळें वाटेल' हें आमच्या घरांतील फार जुनें व एरवीं उपयोगी वचन. पण तोंड बुजलेल्या नळीवर आंतड्याचा जोर आणला कीं ती फुटण्यास मदतच होते. गरम पाण्याची पिशवी पोटावर ठेवूं नये. घरांत उरलेल्या जंतुनाशक गोळ्या देऊं नयेत. अर्धवट औषधानें रोग दबतो, मरत नाहीं, व डॉक्टरांस खरें चित्र दिसत नाहीं. दुखणें थांबविणारी गोळी पुनः पुनः देऊन रात्र काढूं नये. पूर्वीं इस्पितळांतसुद्धां निदान होईपर्यंत वेदनाशामक देत नसत. आतां अनुभवावरून तो दंडक सुटला आहे, आणि तपासल्यावर डॉक्टर तें सुई देऊन खुशाल देतात. फरक एवढाच कीं तें त्यांनीं द्यावें. खाणें तर बंदच. आजीनें कितीहि प्रेमानें पेज आणली तरी ती परत पाठवावी, कारण भूल देण्यापूर्वीं अन्न घेऊन साधारण सहा तास झालेले असावे लागतात. पोट भरलेलें असलें तर एक तर शस्त्रक्रिया लांबते, नाहीं तर भुलेंत धोका वाढतो. ओठ कोरडे पडले तर ओल्या फडक्यानें टिपावे. रोज घेण्याच्या औषधांपैकीं कोणतें चालू ठेवावें, तें डॉक्टरांस विचारावें. मधुमेहाच्या गोळ्या उपाशीपोटीं आपण होऊन देऊं नयेत.

मग न्यावें कोठें? आमच्या किनाऱ्याला हा प्रश्न नेहमींच जड गेला आहे. आगबोटींच्या काळांत पावसाळा लागला कीं बंदर बंद होई आणि मुंबईची वाट तुटे. आज ती स्थिति नाहीं. तरी देवबागसारखें गांव, एका बाजूस समुद्र व दुसऱ्या बाजूस कर्लीची खाडी, मधून एकच चिंचोळा रस्ता. तेथून निघणाऱ्या रोग्यास मालवण गांठावयाचें, तेथून कसालला महामार्गावर यावयाचें व मग ओरोसचें जिल्हा रुग्णालय. आतां तेथें शासकीय वैद्यकीय महाविद्यालयहि झालें आहे. आचरें, मसुरें या बाजूच्या लोकांस कणकवलीचें उपजिल्हा रुग्णालय सोईचें पडतें, वेंगुर्ल्याकडच्यांस सावंतवाडीचें. ज्यांस पुढें जावें लागतें ते गोव्यास बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे जातात, किंवा घाट चढून कोल्हापुरास. पण आषाढांत घाटांत दरड कोसळली म्हणजे ती वाट धरवत नाहीं. म्हणून पावसाळ्यांत दूरचें मोठें इस्पितळ गांठण्याच्या नादांत जवळचें शस्त्रक्रिया करूं शकणारें इस्पितळ सोडूं नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रांत २०१४ पासून चालूं आहे. तिच्यासाठीं पैसे पडत नाहींत. गाडी येईतों इस्पितळास फोन करून आज रात्रीं शल्यवैद्य व भूलतज्ज्ञ हजर आहेत काय, हें विचारावें. आमच्या पाहण्यांत असें आलें आहे कीं रोगी तासभर खड्ड्यांतून नेल्यावर भूल देणारे डॉक्टर परगांवीं गेल्याचें कळतें, व तेथून दुसरा तास सुरू होतो. एका फोननें हा तास वांचतो. रोग्याबरोबर मात्र दोनच माणसें जावींत: एक निर्णय घेऊं शकणारें, आणि एक धांवपळ करणारें. सगळें कुटुंब इस्पितळाच्या ओसरीवर जमून काकांचें मत, मामांचें मत व मुंबईच्या भाऊजींचें मत घेत बसलें तर संमतिपत्रावर सही होण्यास उजाडतें. तो अधिकार कोणाचा, हें घरून निघण्यापूर्वींच ठरवावें.

निघतांना एका कागदावर चार ओळी लिहून घ्याव्या. पहिली कळ किती वाजतां व कोठें आली; ती केव्हां सरकली; वांति केव्हां झाली, आधीं कीं मागून; ताप किती व केव्हां मोजला; शेवटचें खाणें-पिणें किती वाजतां; घरांत काय काय औषध दिलें, तेंहि न लपवितां; रोज कोणतीं औषधें चालू आहेत, विशेषतः रक्त पातळ करणारीं; आणि कोणत्या औषधानें पूर्वीं अंगावर उठलें होतें काय. रात्रीं कामावर असलेल्या तरुण डॉक्टरला हा कागद शंभर प्रश्नांपेक्षां अधिक सांगतो.

इस्पितळांत रक्त व लघवी तपासतात, सोनोग्राफी करतात, गरज पडल्यास सीटी स्कॅन. एक गोष्ट लक्षांत असावी: सोनोग्राफींत आंत्रपुच्छ दिसलें नाहीं म्हणजे रोग नाहीं असें होत नाहीं. आंतड्यांतील वायूमुळें तें पुष्कळदां झांकलें जातें. 'रिपोर्ट नॉर्मल आला, चला घरीं' अशी घाई न करतां डॉक्टर ठेवून घेत असतील तर राहावें. कांहीं तासांनीं पुन्हां पोटावर हात ठेवून पाहणें, ही आजहि या रोगांतील एक उत्तम परीक्षा आहे. घरीं सोडलेंच, तर दुखणें वाढल्यास त्याच रात्रीं परत येण्यास संकोच धरूं नये.

उपाय बहुधा शस्त्रक्रियाच. आतां ती पोटाला तीन लहान छिद्रें पाडून दुर्बिणीच्या साह्यानें होते, व नळी फुटलेली नसल्यास रोगी एक-दोन दिवसांत घरीं येतो. अलीकडे जंतुनाशक औषधांवरच भागवावें काय, असाहि विचार पुढें आला आहे. अमेरिकेंत १५५२ प्रौढ रोग्यांवर झालेल्या व २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत, ज्यांना नुसतीं औषधें दिलीं त्यांपैकीं दहांतील तिघांना तीन महिन्यांच्या आंत अखेर शस्त्रक्रिया करावी लागली. नळींत खडा असलेल्यांत हें प्रमाण अधिक होतें. फिनलंडमधील रोग्यांत पांच वर्षांअखेर दहांतील चौघांवर ती वेळ आली. म्हणजे बाकीच्यांची सुटका झाली, हेंहि खरेंच. शहरांत, इस्पितळापासून दहा मिनिटांवर राहणाऱ्यानें हा मार्ग डॉक्टरांशीं बोलून जरूर विचारांत घ्यावा. पण जो मासेमारीच्या ट्रॉलरवर चार-चार दिवस समुद्रांत असतो, किंवा ज्याच्या गांवचा एकुलता रस्ता पावसांत पाण्याखालीं जातो, त्यानें आमच्या मतें पुन्हां उठणारें दुखणें पोटांत ठेवूं नये. पोटांत पुवाची गांठ झालेली असेल तर मात्र शल्यवैद्य स्वतःच आधीं औषधें देतात, सुईनें पू काढतात व शस्त्रक्रिया पुढें ढकलतात. त्यास दिरंगाई समजूं नये.

काढलेलें आंत्रपुच्छ सूक्ष्मदर्शकाखालीं तपासण्यास पाठवितात. त्याचा अहवाल रोगी घरीं आल्यावर आठवड्याभरानें तयार होतो, आणि टांके काढण्याच्या गडबडींत तो तसाच इस्पितळांत पडून राहतो. कोणी तरी जाऊन तो आणावा, डॉक्टरांस दाखवावा व घरच्या कागदांत ठेवावा. कारण क्वचित्, शंभरांत एखाद्याच्या बाबतींत, त्यांत दाहाबरोबर एक बारीक गांठहि निघते, आणि तिच्यासाठीं पुढें आणखी तपासणी लागते कीं काय, तें डॉक्टरांस त्या अहवालावरूनच ठरवितां येतें.